मार्गावरील विचारपूस व असत्याचीं लक्षणें

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील छत्तिसाव्या अध्यायांत नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत वाटसरूंसंबंधीं एक आज्ञा आहे. नगराच्या आंत व बाहेर, देवालयें, पुण्यस्थानें, वनें आणि स्मशानें अशा ठिकाणीं, रस्त्यानें व आडवाटेनें फिरणाऱ्या राजपुरुषांनीं कोणास धरावें याची ही यादी आहे. अंगावर जखम असलेला, घातक हत्यार जवळ बाळगणारा, ओझ्याच्या आड दडणारा, बावरलेला, गाढ झोपीं गेलेला, वाटचालीनें थकलेला आणि पूर्वीं न पाहिलेला, असे सात प्रकारचे लोक त्यांत येतात. पहिल्या तीन खुणांविषयीं फारसा वाद संभवत नाहीं. परंतु थकलेला व अनोळखी, हीं दोन विशेषणें कोणत्या वाटसरूस लागू पडत नाहींत? पंढरीस पायीं निघालेला वारकरी दुसऱ्या मुक्कामास पोहोंचतो न पोहोंचतो तोंच या दोन्ही सदरांत जमा होतो.

रस्त्यावर उभ्या असलेल्या राजपुरुषास, समोरचा मनुष्य खोटें बोलत आहे हें ओळखावें कसें, याचें शिक्षण कोणत्या ग्रंथांतून व कोणत्या रीतीनें देण्यांत आलें, आणि त्या शिक्षणाचा परिणाम काय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. न्यायसभेंतील साक्षीपुराव्याचा प्रश्न यापासून निराळा आहे. तेथें दोन्ही पक्ष समोर असतात, वेळ असतो, लेख असतात. रस्त्यावर यांपैकीं कांहींच नसतें. असतो तो एक चेहरा आणि चार शब्द. तथापि न्यायसभेसाठीं सांगितलेलीं लक्षणेंच पुढें रस्त्यावर उतरलीं असल्यामुळें त्यांचा परामर्श घेणें प्राप्त आहे.

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं सन १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली. रा. प. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत काढली. ग्रंथाच्या कालाविषयीं पंडितांत मतभेद आहेत; कोणी तो चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं नेतात, तर कोणी इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत आणतात. आमच्या प्रतिपादनास या वादानें बाध येत नाहीं. चौथ्या अधिकरणाच्या सहाव्या अध्यायांत संशयावरून कोणास पकडावें याची आणखी एक लांबलचक यादी आहे. देश, जाति, गोत्र, नांव व धंदा खोटा सांगणारा. उपजीविकेचें साधन लपविणारा. मिळकतीहून अधिक खर्च करणारा. वारंवार प्रवास करणारा. कोठें राहतो व कोठें जातो हें ज्याचें कोणास ठाऊक नाहीं असा. अवेळीं एकांतांत हिंडणारा. ताज्या जखमेवर गुपचुप उपचार करून घेणारा. आणि अधिकाऱ्यास पाहतांच दडणारा, सटकणारा, श्वास रोखून बसणारा, ज्याचा स्वर कोरडा पडून फुटतो व तोंडाचा रंग बदलतो तो. याच यादींत हीन कर्माचा वा हीन जातीचा मनुष्यहि संशयितांत घातलेला आहे. हें येथें सांगून ठेवणें अवश्य आहे, कारण पुढें त्याचें भयंकर फळ दिसणार आहे.

आतां स्मृति पाहूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजानें मनुष्याचें अंतर्गत स्वर, वर्ण, इंगित, आकार, डोळे व चेष्टा यांवरून जाणावें असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत तेंच अधिक तपशिलानें मांडलें आहे. जो एका जागीं स्थिर राहत नाहीं, ओठांचे कोपरे चाटतो, ज्याच्या कपाळास घाम सुटतो, तोंडाचा रंग उडतो, वाणी कोरडी पडून अडखळते, जो पुष्कळ व परस्परविरुद्ध बोलतो, दुसऱ्याच्या दृष्टीस दृष्टि देत नाहीं व ओठ वांकडे करतो, तो फिर्यादींत किंवा साक्षींत दुष्ट समजावा, असा त्याचा आशय आहे. कौटिल्याची रस्त्यावरील यादी व स्मृतिकारांची न्यायसभेंतील यादी समोरासमोर ठेविली असतां कोरडा फुटका स्वर व पालटलेला मुखवर्ण हीं लक्षणें दोहोंकडे आढळतात. भय व असत्य यांच्या खुणा एकच आहेत, हें गृहीत दोहोंच्या मुळाशीं आहे.

या गृहीतावर पहिला स्पष्ट आक्षेप आमच्या वाचनांत आला तो विज्ञानेश्वराचा होय. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सहावा विक्रमादित्य (सन १०७६ ते ११२६) याच्या आश्रयास असलेल्या या पंडितानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. महाराष्ट्रांत तिचें प्रामाण्य किती, हें वाचकांस सांगावयास नको. दायविभागाच्या तंट्यांमुळें तिचा तो भाग वकिलांच्या तोंडीं बसला. परंतु वरील लक्षणांवरील टीकेकडे पाहण्याचें कारण वकिलांस पडलें नसावें. विज्ञानेश्वर म्हणतो तें असें: ही लक्षणें दोषाची केवळ शक्यता दाखवितात, दोषाचा निश्चय करीत नाहींत, कारण कोणता विकार स्वाभाविक व कोणता प्रसंगामुळें उत्पन्न झालेला, याचा निवाडा करणें दुर्घट आहे. येथवर एखाद्या सावध टीकाकारास सुचेल तेंच तो सांगतो. परंतु तो आणखी एक पाऊल पुढें जातो. समजा, एखाद्या निपुण पुरुषास हा भेद ओळखतां आला. तरीसुद्धां त्यावरून त्या मनुष्यास पराजित ठरवितां येणार नाहीं. त्यासाठीं त्यानें दिलेला दृष्टांत मोठा मार्मिक आहे. मरणोन्मुख मनुष्याच्या अंगीं मरणाचीं चिन्हें दिसलीं म्हणून कोणी त्याचें उत्तरकार्य उरकून घेत नाहीं.

या युक्तिवादाचे दोन भाग वेगळे ठेविले पाहिजेत. पहिला ज्ञानाविषयीं आहे: खूण पाहून कारण कळत नाहीं. दुसरा अधिकाराविषयीं आहे: कारण कळलें असें ज्यास वाटतें, त्याच्या वाटण्यावरून दुसऱ्यावर दंड बसत नाहीं. पुढील नऊशें वर्षांत पोलिसांच्या शिक्षणाचे जे ग्रंथ झाले त्यांपैकीं बहुतेकांनीं पहिल्या भागाकडे दुर्लक्ष केलें, आणि दुसरा तर त्यांच्या स्वप्नींहि आला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कौटिल्यास मात्र एकट्या या यादीवरून जोखणें अन्यायाचें होईल. त्याच्या ग्रंथांत वाटसरूची परीक्षा करण्याची दुसरीहि एक रीति आहे. मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा, म्हणजे परवाना, देई. मुद्रा नसलेल्या जानपदास बारा पण दंड होता, आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून जबर शिक्षा होती. येथें चेहऱ्याचा संबंध नाहीं. कागद खरा कीं खोटा एवढाच प्रश्न आहे. याहून महत्त्वाचा चौथ्या अधिकरणाचा आठवा अध्याय. पकडलेल्यास त्याचा देश, जाति, गोत्र, नांव, धंदा, मालमत्ता, सोबती व निवास विचारावा. मग आदल्या दिवशीं तो कोठें कोठें गेला व रात्रीं कोठें राहिला हें पकडले जाण्याच्या क्षणापर्यंत विचारावें. आणि तें इतरांच्या सांगण्याशीं ताडून पाहावें. मेळ बसला तर तो शुद्ध. चोरीस तीन रात्री उलटून गेल्यावर केवळ संशयावरून कोणास धरूं नये, कारण मग विचारण्यांत अर्थ राहत नाहीं. हत्यारें सांपडलीं तर गोष्ट वेगळी. चोर नसलेल्यास चोर म्हणणाऱ्यास चोराइतकाच दंड. याच अध्यायांत छळाचे प्रकारहि निर्विकारपणें सांगितले आहेत, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांस छळूं नये त्यांच्या नामावळींत बालक, वृद्ध, रोगी यांच्याबरोबर वाटचालीनें थकलेला मनुष्यहि आहे. 'अध्वक्लान्त' हा जो शब्द दुसऱ्या अधिकरणांत धरण्याचें कारण म्हणून आला, तोच चौथ्यांत सोडण्याचें कारण म्हणून येतो.

पुढें कौटिल्य मांडव्याचें उदाहरण देतो. चोर नसलेला मनुष्यहि यदृच्छेनें चोरांच्या वाटेवर सांपडल्यामुळें, किंवा वेष, शस्त्र, सामान यांच्या साम्यामुळें, किंवा चोरीच्या मालापाशीं आढळल्यामुळें पकडला जातो. आणि मांडव्यानें तर छळाच्या भयानें आपण चोर असल्याचें कबूल केलें, असें तो म्हणतो. महाभारताच्या आदिपर्वांतील कथा याहून भिन्न आहे. भांडारकर संस्थेची सुकथनकरांनीं संपादिलेली आदिपर्वाची प्रत पाहतां, चोर मांडव्याच्या आश्रमांत माल लपवून दडतात, मागून रक्षक येऊन चोर कोणत्या वाटेनें गेले असें ऋषीस विचारतात, आणि मौनव्रतामुळें तो बरें वा वाईट कांहींच बोलत नाहीं. पुढें माल सांपडतो, रक्षकांस संशय येतो व ऋषि सुळावर चढविला जातो. एका ठिकाणीं न बोलल्यामुळें शिक्षा, दुसऱ्या ठिकाणीं नको तें बोलल्यामुळें. कोणती परंपरा जुनी, हा निर्णय करण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. परंतु मार्गावरील चौकशींत निरपराधी कोणकोणत्या प्रकारें अडकतो याचे दोन्ही नमुने एकाच नांवाभोंवतीं जमले आहेत, ही गोष्ट चिंतनीय आहे.

पेशवाईंतील चौक्या व दस्तकें यांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथें पुण्याच्या कोतवालीचा एकच प्रसंग स्मरला पाहिजे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सांपडेल त्यास चौकींत नेण्याची शहरांत चाल होती. सन १७९१ च्या ऑगस्टांत घाशीराम कोतवालाच्या माणसांनीं परमुलखांतून आलेले तैलंगी ब्राह्मण चोरीच्या आळावर धरून एका अरुंद जागेंत कोंडले आणि त्यांतील वीसाहून अधिक गुदमरून मेले. पुढें काय झालें, घाशीरामास लोकांनीं दगडांनीं कसें मारिलें, हें सर्वश्रुत आहे. 'अपूर्व', म्हणजे अनोळखी, या एका खुणेवर हे लोक धरले गेले होते.

इंग्रजी अमलांत या विद्येस नवें वळण लागलें तें ठगांच्या बंदोबस्तामुळें. ठगाचा सारा धंदाच मुळीं वाटेवर विश्वासूपणानें बोलण्यावर चाललेला. अशा मनुष्याच्या मुखचर्येवरून काय कळणार? स्लीमन याच्या खात्याचें यश चेहरे वाचण्यांत नव्हतें. फिरंगियासारखे माफीचे साक्षीदार हातीं आल्यावर निरनिराळ्या साक्षीदारांचीं निवेदनें घेऊन तीं परस्परांशीं व उकरून काढलेल्या प्रेतांशीं ताडण्यांत आलीं. १८३६ मध्यें स्लीमननें ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश कलकत्त्यास छापला. परंतु त्याच वर्षाच्या तिसाव्या कायद्यानें, ठगांच्या कोणत्याहि टोळींत असल्याचें सिद्ध होणें हाच जन्मठेपेस पुरेसा अपराध ठरला. कृत्याची चौकशी मागें पडून माणसाच्या वर्गाची चौकशी पुढें आली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें हाच न्याय जन्मास लावला, व १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यास लागू झाला. नोंदलेल्या जमातीचा मनुष्य परवान्याशिवाय गांवाबाहेर आढळला तर त्यास धरण्यास दुसऱ्या कोणत्याहि लक्षणाची गरज उरली नाहीं. १९०८ सालीं मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनीं 'गुन्हेगार वर्गां'वरील टिपणांचें पुस्तक पोलिसांच्या उपयोगार्थ प्रसिद्ध केलें. त्यांत एकेका जमातीखालीं रूप, पोशाख, बोली, दाखविण्याचा धंदा व घेण्याचीं सोंगें अशीं सदरें आहेत. वासुदेव, गोसावी, वैदू, फेरीवाला, जो कोणी वाटेवर भेटे तो खरा नसून सोंग असेल, अशी दृष्टि या शिक्षणानें शिपायास दिली. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. परंतु फासेपारधी बिऱ्हाड घेऊन रस्त्यानें निघाला असतां त्याकडे पाहण्याची नजर त्याबरोबर रद्द झाली असें म्हणवत नाहीं.

याच सुमारास युरोपांतील अपराधशास्त्रहि इकडे आलें. ऑस्ट्रियन न्यायाधिकारी हान्स ग्रोस याचा १८९३ सालचा ग्रंथ मद्रासेंत सरकारी वकिलीवर असलेल्या दोघां ॲडम यांनीं १९०६ मध्यें हिंदुस्थानास जुळवून इंग्रजींत उतरविला. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानें पोलिसांच्या शिक्षणावर भर दिल्यानंतरचा हा काळ होता. उलट बाजूस १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविला होता. १८५५ मध्यें मद्रासेच्या आयोगानें छळाचें जें वर्णन केलें होतें, तें ध्यानीं घेतां या कलमाचें मर्म कळतें. कायदा पोलिसावर विश्वास टाकीत नव्हता, आणि पुस्तक त्यास मनकवडा होण्यास शिकवीत होतें.

या शिक्षणाची पूर्ण वाढ मात्र आपल्याकडे न होतां अमेरिकेंत झाली, आणि तीहि मोटाररस्त्यावर. म्हणून तिकडे वळणें भाग आहे. शिकागोचा जॉन रीड व कायद्याचा अध्यापक फ्रेड इनबाउ यांनीं १९६२ मध्यें चौकशी व कबुलीजबाब यांवर प्रसिद्ध केलेला ग्रंथ तिकडील पोलिसांचा पाठ्यग्रंथ झाला. बसण्याची ढब, नजर, हातांची चाळवाचाळव, उत्तरास लागणारा विलंब यांवरून असत्य ओळखण्याचे धडे त्या संप्रदायानें दिले. १९८४ मध्यें अमली पदार्थांच्या प्रतिबंधक खात्यानें 'ऑपरेशन पाइपलाइन' नांवाची योजना काढून राज्याराज्यांतील रस्त्यांवरील पोलिसांस शिकविण्यास आरंभ केला. वाहतुकीच्या क्षुल्लक नियमभंगासाठीं गाडी थांबवावी, कोठून आलांत व कोठें जातां असें गप्पांच्या ओघांत विचारावें, आणि चालकाच्या अस्वस्थतेवरून झडतीचा विचार करावा, असें तिचें धोरण. १९८५ मध्यें फ्लॉरिडाच्या वाहतूक खात्यानें दिलेल्या सूचनांत भाड्याच्या गाड्या, अंगावर पुष्कळ सोनें, गाडीस न शोभणारा चालक आणि वाहतुकीच्या नियमांचें काटेकोर पालन, हीं संशयाचीं चिन्हें म्हणून नमूद होतीं. नियम मोडला तर थांबवावें, न मोडला तर संशय घ्यावा! त्याच यादींत अमली पदार्थांच्या व्यापाराशीं संबंध जोडलेले वंशहि होते. कौटिल्याच्या यादींतील हीनजातीची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर कृष्णवर्णी चालकच अधिक प्रमाणांत अडविले जातात, असा निष्कर्ष तेथील न्यायालयानें १९९६ मध्यें काढला, आणि १९९९ मध्यें त्या राज्याच्या पोलिसांस केंद्र सरकारशीं करार करून देखरेखीखालीं यावें लागलें.

तरीहि प्रश्न उरतो कीं, वर्ण व वंश बाजूस ठेविले असतां, केवळ वागणुकीवरून असत्य ओळखतां येतें काय? या प्रश्नाचें उत्तर आतां मोजून मिळालेलें आहे. बाँड व डिपॉलो या संशोधकांनीं २००६ मध्यें पूर्वींच्या प्रयोगांचा गोषवारा काढला. त्यांत २४,४८३ परीक्षकांचे निर्णय जमेस धरले होते. बरोबर आलेल्या निर्णयांचें प्रमाण शेंकडा ५४ होतें. नाणें उडवून ठरविलें असतें तरी शेंकडा ५० बरोबर आले असते. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ५८ देशांतील पाहणींत, खोटें बोलणारा नजर चुकवितो ही समजूत सर्वांत अधिक आढळली. पण प्रयोगांत नजरेचा व असत्याचा भरंवशाचा संबंध दिसलेला नाहीं. म्हणजे याज्ञवल्क्याच्या यादींतील एक लक्षण जगभर मान्य आहे आणि तें फोल आहे. कॅसिन व फाँग यांचा १९९९ चा प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस रीडपद्धतीचीं लक्षणें शिकविलीं व कांहींस शिकविलीं नाहींत. शिकलेल्यांचे निर्णय न शिकलेल्यांहून अधिक चुकले. मात्र आपल्या निर्णयाविषयीं त्यांची खात्री अधिक होती, व त्याच्या समर्थनार्थ त्यांनीं कारणेंहि अधिक सांगितलीं. कारणें अधिक सुचणें ही शिक्षणाची सर्वांत घातक देणगी होय, असें आमचें मत आहे. कारण न्यायाधीशापुढें शिपाई उभा राहतो तेव्हां हीं कारणेंच पुरावा म्हणून वाचलीं जातात. हे प्रयोग खोलींत झाले, रस्त्यावर नव्हे, असा आक्षेप घेतां येईल. पण २००७ पासून अमेरिकेच्या विमानतळांवर याच विद्येवर सुमारें ९० कोटि डॉलर खर्च झाल्यावर तेथील सरकारी हिशेबतपासणी कार्यालयानें २०१३ मध्यें, या खुणांस पुरावा नसल्यामुळें खर्चास आळा घालावा, अशी शिफारस केली.

एका प्रयोगाचा निकाल मात्र निराळा आहे. स्वीडनमध्यें हार्टविग व तिच्या सहकाऱ्यांनीं २००६ मध्यें पोलिसशाळेंतील ८२ उमेदवारांपैकीं निम्म्यांस चौकशीची एक वेगळी रीति शिकविली. हातांत असलेला पुरावा प्रथम बोलून दाखवावयाचा नाहीं. संशयितास आपली हकीकत मोकळेपणें सांगूं द्यावयाची. मग पुराव्याशीं निगडित असे प्रश्न विचारावयाचे. आणि अखेरीस दोहोंचा मेळ पाहावयाचा. चेहऱ्याकडे पाहण्याचें कारणच नाहीं. न शिकलेल्यांचे निर्णय शेंकडा ५६.१ बरोबर आले, शिकलेल्यांचे ८५.४. रस्त्यावर पोलिसाच्या हातीं आधींचा पुरावा क्वचितच असतो, म्हणून ही रीति तेथें जशीच्या तशी चालणार नाहीं. परंतु चालकास व सोबत्यास वेगवेगळें विचारणें, कालची रात्र कोठें काढली याची पावती वा साक्ष पाहणें, निघाल्याची वेळ व गांठलेलें अंतर यांचा हिशेब घालणें, इतकें तेथेंहि शक्य आहे. चौथ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांतील प्रश्न हेच आहेत.

वेळेच्या मर्यादेविषयींहि एक साम्य नोंदवितों. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ मध्यें रॉड्रिगेझ खटल्यांत ठरविलें कीं, ज्या वाहतूकभंगासाठीं गाडी थांबविली त्याचें काम संपल्यावर, सयुक्तिक संशय नसतां, चालकास कुत्र्याकडून हुंगवून घेण्यापुरतेंहि अडवून ठेवतां येणार नाहीं. तेथें वाद सात-आठ मिनिटांचा होता. कौटिल्याची मुदत तीन रात्रींची. चोरी झाल्यापासून मोजावयाच्या त्या तीन रात्री व गाडी थांबविल्यापासून मोजावयाचीं हीं मिनिटें यांचें माप एक नाहीं. पण संशयास कोठें तरी अंत असला पाहिजे, हें दोहोंकडे लेखी नमूद आहे.